पेटीतली सातवी खाच

हे लिहू का, असं मी आत्याला विचारलं होतं. ती म्हणाली, "लिही. पण माझ्या घावण्यांबद्दलही लिही." म्हणून दोन्ही लिहिते.

अबूधाबीला मी नऊ दिवसांसाठी गेले होते. एकटीने केलेला माझा पहिलाच परदेश प्रवास. लोक तिथे उंच इमारती बघायला आणि खरेदीला जातात. मी एक लाकडी पेटी घेऊन गेले होते.

ती पेटी माझ्या आजोबांची. आत हिरव्या बनातीचं अस्तर आहे आणि अस्तरात सात खाचा आहेत. प्रत्येक खाचेत एकेक पितळी किंवा लाकडी अवजार बसतं. उडवलेलं काडतूस पुन्हा भरायची ही अवजारं आहेत: काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी जुनी टोपी काढायची सुई, नवी टोपी बसवायचा दट्ट्या, नरसाळं, ठासायची लाकडी दांडी, चकत्या कापायचा पंच, आणि टेबलाला स्क्रूने आवळून बसवायचं एक यंत्र. त्याचा दांडा फिरवला की काडतुसाची कागदी कड आत वळते आणि तोंड बंद होतं. ही सहा झाली. सातवी खाच रिकामी आहे. तिथे बंदुकीची दारू मोजायचं माप असायचं.

आजोबांचं गाव कुडाळजवळ. रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी त्यांच्याकडे परवान्याची एकनळी बंदूक होती. माप हरवलं, म्हणून एक दिवस त्यांनी अंदाजाने दारू भरली, ती जास्त झाली, बंदूक फुटली आणि त्यांची दोन बोटं गेली. आमच्या घरात ही गोष्ट एवढीच आणि याच क्रमाने सांगितली जाते. मी आजोबांना पाहिलं नाही. फोटोत त्यांचा एक हात कोटाच्या खिशात आहे.

बंदूक पुढे पोलिसांकडे जमा झाली. पेटी बाबांच्या कपाटात राहिली आणि दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. तेव्हापासून मला या अवजारांचा नाद लागला. बंदुकीचा नाही. बंदुकीचा मोठा आवाजही मला सोसणार नाही. पण वाया गेलेली वस्तू पुन्हा भरून वापरायची, आणि त्यासाठी कोणीतरी इतकी नेटकी अवजारं करायची, हे मला फार आवडलं. जगभर असे संग्राहक आहेत. त्यांच्या एका ग्रुपवर मी पेटीचा फोटो टाकला. लिहायला मला जमतं, बोलायला नाही. दुबईहून एका गृहस्थांचं उत्तर आलं. याच कारागिराचं एक जादा माप त्यांच्याकडे होतं. पेटी घेऊन या, खाचेत बसलं तर तुमचं, असं त्यांनी लिहिलं होतं.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "कशाला? असू दे ना ती खाच रिकामी." मला वाटलं, विमानाच्या खर्चामुळे म्हणत असतील.

विमानतळ

निघायच्या आधी आत्याने तीन वेळा फोन करून बजावलं होतं. "खसखस आणू नकोस. एक दाणासुद्धा नाही. अनारसे तर नकोतच, त्यांना खसखस लागते. इकडे पकडतात." त्यामुळे आईने बॅग दाणा न् दाणा तपासून भरली. अनारसे राहिले, बेसनाचे लाडू आले. मेतकुटाची पुडी कुठे ठेवायची हा प्रश्न उरला तेव्हा आई म्हणाली, "या पेटीत जागा आहे की. रिकामी कशाला न्यायची?" पुडी सातव्या खाचेत अशी चपखल बसली की आम्ही दोघी खूश झालो.

खसखशीच्या नादात बाकीचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. अबूधाबीला तपासणीच्या टेबलावर अबाया घातलेल्या अधिकारी बाईंनी पेटी उघडली, तेव्हा मला ती पहिल्यांदा त्यांच्या नजरेने दिसली. काडतुसं भरायची अवजारं, आणि दारूच्या जागी प्लास्टिकच्या पिशवीत बारीक पिवळी पूड.

"हे कोणाचं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"माझ्या आजोबांचं."

"ते कुठे आहेत? बरोबर आलेत?"

"नाही. ते वारले."

त्यांनी पेटी थोडी स्वतःकडे ओढली. मग पुडीकडे बोट दाखवलं. मेतकूट म्हणजे काय हे मला इंग्रजीत कधी सांगावं लागलं नव्हतं. डाळी भाजतात, दळतात, हिंग घालतात, मऊ भातावर तूप घालून खातात, असं मी एका दमात सांगितलं. त्यांनी पुडीला कागदाची पट्टी लावून ती यंत्रात घातली. मग पुडीचा वास घेतला, पुन्हा घेतला. अवजारांची यादी आणि दुबईच्या गृहस्थांचं पत्र वाचलं. शेवटी झाकण लावता लावता विचारलं, "तूप गरम घालायचं की थंड?"

"गरम," मी म्हणाले.

बाहेर आत्या उभी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वहिनीचं मेतकूट पकडलं नाही, म्हणजे हिंग कमी पडलाय."

मोहम्मद बिन झायद सिटी

अबूधाबीच्या या उपनगरात आत्याचं घर म्हणजे एका मोठ्या व्हिलाचा तळमजला. आसपास अशीच भिंतीला भिंत लागलेली घरं, दारात गाड्या, भिंतीवरून डोकावणारी बोगनवेल. सकाळी मुलांच्या शाळेच्या बसेस येतात आणि मग दिवसभर रस्त्यावर कोणी दिसत नाही. माणसं घरात असतात, किंवा गाडीत. चालणारी मी एकटीच होते, आणि तिसऱ्या दिवशी एका गाडीवाल्याने थांबून "रस्ता चुकलीस का?" असं विचारल्यावर मीही चालणं सोडलं.

आत्याचे यजमान, म्हणजे काका, कंत्राटाच्या कामांत असतात, सकाळी लवकर मुसाफ्फाच्या कारखान्यांच्या भागात जातात. आत्याची सात वर्षांची नात ईरा शाळेनंतर इथेच असते. तिच्याशी आत्या मराठीत बोलते आणि ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींचं काही अडत नाही.

आता घावणे. आत्या तांदळाचं पीठ पाण्यासारखं पातळ करते आणि तव्यावर हाताने शिंपडते. त्यामुळे तिच्या घावण्याला नाजूक जाळी पडते. याच भागात मी रगाग खाल्ला. तापलेल्या लोखंडी तव्यावर पिठाचा गोळा हाताने फिरवत नेतात आणि कागदासारखा पातळ, कुरकुरीत पापुद्रा उरतो. त्यावर अंडं नाहीतर चीज. मी आत्याला म्हणाले, हा घावण्याचा भाऊ वाटतो. "भाऊ नाही," ती म्हणाली. "चुलत. आणि चुलत असूनही महाग. दहा दिरहम, म्हणजे अडीचशे रुपये झाले बघ."

चौथ्या दिवशी दुपारी मी पेटी जेवणाच्या टेबलावर उघडून अवजारं पुसत होते. ईराने खाली तिचं प्लास्टिकचं स्वयंपाकघर मांडलं होतं. कधी तिने पितळी नरसाळं उचललं ते मला कळलं नाही. ती त्यातून खोटा चहा गाळत होती. मला मजा वाटली. आत्या आतून आली, तिने ते बघितलं, आणि ईराच्या हातातून नरसाळं हिसकावून घेतलं.

"हे खेळायचं नाही. हात लावायचा नाही याला."

"I was only making tea, Aaji," ईरा म्हणाली आणि रडायला लागली. मी आत्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. ती स्वतःच दचकली होती. तिने ईराला जवळ घेतलं, शांत केलं, टीव्हीसमोर बसवलं. मग मला म्हणाली, "सई, जरा आत ये."

स्वयंपाकघरात तिने चहाचा डबा उघडला आणि पावडरीत खुपसलेलं माप बाहेर काढलं. त्याच मापाने रोज चहा होत होता. मी चार दिवस ते पाहत होते आणि पाहिलं नव्हतं. पितळी पेला, काळपट लाकडी मूठ, आणि पेल्याच्या बाजूला, माप कमीजास्त करायची सरकती पट्टी. पट्टीवर बारीक आकडे.

"भातुकलीला घेतलं होतं मी," आत्या म्हणाली. "नऊ वर्षांची होते. तांदूळ मोजायला छान होतं. संध्याकाळी परत ठेवणार होते. पण त्या दिवशी अप्पा लवकर बाहेर पडले. माप शोधलं, सापडलं नाही, म्हणून अंदाजाने भरलं. नंतर चार माणसांनी त्यांना धरून घरी आणलं. मी हे तांदळाच्या कणगीत खोल घातलं. मग सांगायचं राहूनच गेलं."

"कोणालाच नाही सांगितलं?"

"कोणाला सांगणार? अप्पांना? दादाला?" अप्पा म्हणजे आजोबा, दादा म्हणजे माझे बाबा. "लग्न होऊन इकडे आले तेव्हा आणलं. टाकवेना. म्हणून वापरायला काढलं. चिंचेने घासते, बघ कसं आहे."

  मी पट्टीवरचा आकडा वाचला. तीन.

"ही पट्टी तू सरकवलीस कधी?"

"नाही गो. तेवढ्यात बरोबर दोन कप चहा होतो."

रास अल खोर

शनिवारी आत्याने गाडी काढली. दुबईपर्यंत तीच चालवत आली, एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने लेन बदलणाऱ्यांना हातवारे. मी तिला येऊ नकोस असं सुचवलं होतं. ती म्हणाली, "त्या माणसाला अवजारांतलं कळतं ना? मग मला एक विचारायचंय त्याला." काय, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

रास अल खोर हा कारखान्यांचा आणि गोदामांचा भाग. भाजीचे मोठे ट्रक, जुन्या गाड्यांचे सुटे भाग, वेल्डिंगच्या ठिणग्या. पत्ता एका लेथच्या दुकानाचा होता. लेथवरचे जाधव पन्नाशीचे, कपाळाला चष्मा लावलेले. आम्हाला बघून त्यांनी हिंदीत सुरुवात केली आणि आत्याचं एक वाक्य ऐकून मालवणीवर आले.

"तुमी खंयचे?"

"कुडाळ."

"मी कणकवली. मग ह्या पोरीक बंदुकीचा याड खंयसून लागला?"

"रक्तातच असात," आत्या म्हणाली आणि पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

मागच्या खोलीत मला पत्र लिहिणारे गृहस्थ, बू राशिद, बसले होते. पांढरी पायघोळ कंदुरा, पांढरी दाढी, सत्तरी ओलांडलेली. त्यांचे वडील मुंबईशी व्यापार करायचे, त्यामुळे त्यांना चांगलं हिंदी येत होतं. भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर अवजारं. एकट्या कड वळवायच्या यंत्रांचेच चाळीसेक नमुने असतील. यंत्रं झिजली की जाधव लेथवर भाग करून देतात. मी फळ्यांसमोर किती वेळ उभी राहिले कोण जाणे. कोणाचीही ओळख करून न घेता मी बोलू लागले होते आणि हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आधी गाहवा आला, खजुराबरोबर. इवल्याशा कपात फिकट, वेलचीचा वास असलेली कॉफी. कप रिकामा झाला की जाधव पुन्हा भरायचे. नको म्हणायचं मला जमेना, म्हणून मी पीत गेले. सहाव्या कपाला आत्याने माझं मनगट धरून कप हलवला. पुरे झालं की कप असा हलवायचा असतो. आपल्याकडे पानावर आडवा हात धरतात, तसंच.

मग बू राशिदांनी एक काडतूस भरून दाखवलं. खरी दारू त्यांच्याकडे नव्हती, ते ती ठेवतच नाहीत. दारूऐवजी रवा आणि छर्‍यांऐवजी मोहरी. लाल कागदी नळी उभी केली. मापाने रवा घातला. त्यावर पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड चकती, आणि ती दांडीने दाबली. मग मोहरी, वर पातळ चकती. नळी यंत्रात बसवून दांडा फिरवला, आणि कागदाची कड करंजीच्या मुरडीसारखी आत वळली.

मला करायला दिलं तेव्हा मी फार जोर लावला आणि कड एका बाजूला चेपली. "ज़ोर नहीं," ते म्हणाले. "सिर्फ़ घुमाओ." आत्याने पहिल्याच फेरीत नीट केलं. जाधव म्हणाले, "बाईंनी यंत्रार शेवयो काढल्यो असतल्यो."

मी पेटी उघडली. बू राशिदांनी त्यांचं जादा माप आणलं होतं. ते खाचेत ठेवण्याआधीच आत्याने पर्समधून, रुमालात गुंडाळलेलं, तिचं माप काढून खाचेत ठेवलं. ते आवाज न करता बसलं. मूठ मुठीच्या जागी, पेला पेल्याच्या जागी. बू राशिदांनी आपलं माप बाजूला सारलं आणि पट्टीवरचा आकडा पाहिला.

"तीन. ये किसने रखा?"

"हमारे पिताजी ने," आत्या म्हणाली. "मैंने हिलाया नहीं." आणि मग तिने सगळं सांगितलं. भातुकलीला हिंदीत काय म्हणतात ते तिला आठवेना, तेव्हा ती "बच्ची का किचन" म्हणाली. शेवटी विचारलं, "माप नहीं था, इसलिए अंदाज से डाला. ज़्यादा हो गया. इसलिए फटी. है ना?"

त्यांनी उलट विचारलं, "कौनसा हाथ?"

"क्या?"

"उँगलियाँ. कौनसे हाथ की?"

"बायाँ."

"चेहरा? आँख? दायाँ हाथ?"

"कुछ नहीं हुआ. दाहिने हाथ से तो वो आख़िर तक लिखते थे."

ते उठले आणि जाधवांच्या कामातला एक पाइप उचलून बंदुकीसारखा खांद्याला लावला. उजवा हात मागे, गालाजवळ. डावा हात पुढे, नळीखाली. "बारूद ज़्यादा होता, तो यहाँ फटती." त्यांनी गालाजवळची जागा दाखवली. "कारतूस यहाँ होता है. चेहरा जाता, ये हाथ जाता." मग डाव्या हाताकडे पाहिलं. "फटी यहाँ. यहाँ तब फटती है जब नली में कुछ अटका हो. मिट्टी. या पहले वाले कारतूस की चकती अंदर रह गई हो."

"मतलब ज़्यादा नहीं था?"

"ज़्यादा से नहीं फटी, बहन. इतना मैं कह सकता हूँ."

आत्याने पदर नव्हता म्हणून ओढणीने तोंड पुसलं. जाधव उगाचच लेथकडे गेले आणि यंत्र सुरू करून आले. बू राशिद मापाकडे बघत होते, आणि मग एकदा माझ्याकडे. चकती नळीत का अडकते हे मला माहीत आहे, ते त्यांना कळलं होतं असं मला वाटलं. पण त्यांना जेवढं विचारलं, तेवढंच ते बोलले होते.

आम्ही निघताना त्यांनी आपलं जादा मापही माझ्या हातात ठेवलं. मी नको म्हणाले. संग्राहकांत एक नियम आहे: जो सुटा भाग पेटीत बसत नाही, तो पेटीबरोबर जात नाही. मी तो नियम त्यांनाच ऐकवला. ते हसले आणि म्हणाले, "पेटी के लिए नहीं. चाय के लिए."

परतीचा रस्ता

अर्ध्या वाटेवर पेट्रोल पंपाजवळ आत्याने गाडी बाजूला घेतली. करक मागवला. हॉर्न वाजवला की माणूस गाडीपाशीच कप आणून देतो. दाट, गोड, आटवलेला चहा. तिने दोन घोट घेतले.

"ती चकती नळीत का राहते गो?"

 एरवी अशा वेळी मी विषय बदलते, किंवा ऐकलंच नाही असं करते.

"दारूला ओल लागली असेल तर," मी म्हणाले. "जोर कमी पडतो. छर्रे कसेबसे जातात, चकती आत राहते. मग पुढचं काडतूस उडवलं की नळी फुटते."

"आणि?"

"किंवा दारू कमी पडली तर."

"म्हणजे अंदाज उलटीकडे चुकला तर."

"हो. किंवा चिखल गेला असेल नळीत. कोणालाच सांगता येणार नाही आता."

 पलीकडे एक उंटांचा ट्रक उभा होता आणि उंट आमच्याकडे वरून बघत होते.

"त्याने नाही सांगितलं ते."

"तू त्याला विचारलं नाहीस."

"आणि तू सांगितलंस."

"तू मला विचारलंस."

आत्याने रिकामा कप हलवला, मघाशी माझा हलवला होता तसा, आणि स्वतःशीच हसली. "बापावर गेलीस. तोही असाच. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." मग गाडी सुरू करताना म्हणाली, "पन्नास वर्षं मी एकच गोष्ट धरून बसले होते. आता तीन झाल्या. चिखल, ओल आणि मी. तिघांत वाटून घेते."

आपलं माप तिने पेटीतच ठेवलं, चहाच्या डब्यात बू राशिदांचं गेलं. निघायच्या दिवशी मी विचारलं, बाबांना काय सांगू? ती म्हणाली, "विचारलं तर खरं सांग. नाही विचारलं तर गप्प बस. तुम्हाला दोघांना जमतंच ते."

घरी

बाबांनी पेटी उघडली. सातवी खाच भरलेली पाहिली. माप हातात घेतलं, उलटं केलं, नाकाशी नेलं. चिंचेने कितीही घासलं तरी त्याला चहाचा वास आहे. कुठे मिळालं, असं ते विचारतील म्हणून मी उभी होते.

त्यांनी विचारलं नाही. खुर्चीत बसले आणि माप मांडीवर ठेवून म्हणाले, "मी पाहिलं होतं हे. तिच्या भातुकलीत. परसात चूल मांडली होती आणि याने तांदूळ मोजत होती. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर मार खाईल. संध्याकाळी मीच गुपचूप पेटीत ठेवीन म्हटलं."

"मग?"

"मग संध्याकाळ झाली ती तशी."

तेरा वर्षांचे होते ते तेव्हा. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला डाव्या हाताबद्दल, चिखलाबद्दल, ओलीबद्दल सगळं सांगावंसं वाटलं. सांगितलंही, कोणी न विचारता. त्यांनी नीट ऐकून घेतलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती, ती आत गेली.

नंतर बाबांनी फोन उचलला. त्यांना तो कानाला लावून नीट ऐकू येत नाही म्हणून ते स्पीकर लावतात. पलीकडून ईराचा आवाज आला, मग आत्याचा. नेहमीसारखी हवेची चौकशी झाली. काकांचा गुडघा झाला. आणि मग माझे बाबा, ज्यांना आत्याच्या लेखी त्या मापाबद्दल काहीच माहीत नव्हतं, मांडीवरच्या मापाच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले,

"मंदे, आता चहा कशाने मोजतेस?"